झाडं किती तोडायची ते विचारतात, मार्ग कुठून न्यायचा ते नाही

पारावरचा
मुंबईची मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड पूर्ण धावते आहे. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. मी तिचा नियमित प्रवासी आहे आणि गाडी झकास आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'एवढा झाडांचा पुळका आहे तर बैलगाडीने जा' हा पहिला प्रतिसाद टंकायचे कुणाचे तरी कष्ट वाचतील.

धाग्याचं निमित्त नाशिकचं. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारायचं आहे. त्यासाठी अठराशेच्या आसपास झाडांबाबत महापालिकेची नोटीस निघाली आणि शेकडो हरकती आल्या. बातम्या वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं आपण मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडली तेव्हा शब्दन् शब्द वाचलंय. एक बाजू म्हणते झाडं वाचवा. दुसरी म्हणते एकाच्या बदल्यात दहा लावतो. मग कुणीतरी विचारतं, तुमची सोसायटी बांधताना किती तोडली होती हो? मग कोर्ट.

आरेचा क्रम जरा आठवून पाहा. कारशेडच्या जागेचा विचार करायला राज्य सरकारने २०१५ मध्येच समिती नेमली होती. तिच्यातल्या दोन तज्ज्ञांनी, एक नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे आणि एक आयआयटी मुंबईचे, बाकीच्यांपेक्षा वेगळं मत लेखी नोंदवलं आणि कांजूरमार्गकडे बोट दाखवलं. तेव्हा भुयारी यंत्रं जमिनीत उतरलीही नव्हती. भांडायचं, मोजायचं, जागा बदलायची ती खरी वेळ. आंदोलक तेव्हाही ओरडत होते, पण ऐकणं कुणावर बंधनकारक नव्हतं.

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने झाडं तोडायचा प्रस्ताव मंजूर केला तो थेट २९ ऑगस्ट २०१९ ला. एकूण २,६४६ झाडं. त्यातली २,१८५ तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची. तोवर जायका या जपानी संस्थेचं कर्ज घेऊन झालेलं, ठेकेदार कामाला लागलेले, मुंबईच्या पोटात यंत्रं कधीची फिरत होती. अशा वेळी प्राधिकरण नाही म्हणणार तरी कसं? ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती.

पुढचा खो-खो सगळ्यांना माहीत आहे. सरकार बदललं, आरेला स्थगिती. ऑक्टोबर २०२० मध्ये शेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तर ती जमीन केंद्राची की राज्याची यावर डिसेंबरात हायकोर्टाची स्थगिती. २०२२ ला पुन्हा सरकार बदललं, शेड परत आरेत. सुप्रीम कोर्टाने ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली, तर आकडा १७७ वर गेला. त्यावर एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने मेट्रो कंपनीला १० लाख रुपये भरायला लावले. आणि १७७ ची परवानगीही दिली! यातलं काय समजायचं ते ज्याने त्याने समजावं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे झाडांची सुनावणी सगळ्यात शेवटी होते. जागा ठरली, कर्ज आलं, निविदा निघाल्या, आणि मग लोकांना विचारायचं, "किती तोडू?" या प्रश्नाला चांगलं उत्तर असूच शकत नाही. २,६४६ ऐवजी २,००० म्हणालात तरी हरलात, शून्य म्हणालात तर विकासविरोधी. खरा प्रश्न कुठून न्यायचं, हा आहे आणि तो विचारायची जागाच नाही.

तुमच्या भागातली उदाहरणं लिहा. आरेचं पुन्हा सगळं उगाळलं नाही तरी चालेल.

विरार_फास्ट
पहिला प्रतिसाद माझा, बैलगाडीशिवाय.

पारावरचे साहेब, तुम्ही एसी मेट्रोत बसून २०१५ च्या समितीचं वाचन करता. आम्ही दारात लटकतो. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात. जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांतली दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, चार दिवस बातमी होती, मग संपलं. त्या माणसांसाठी कुणी मेणबत्त्या घेऊन उभं राहिलं नाही, सेलिब्रिटी आले नाहीत, सुट्टीच्या दिवशी कोर्ट उघडलं नाही.

एक वर्ष उशीर म्हणजे एक वर्ष जास्त लटकणं. मेट्रो ३ चा अंदाज २३,१३६ कोटींचा होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला. हा फरक कोण भरणार? आरेत झाडांना मिठ्या मारणाऱ्यांतले निम्मे तरी तिथे स्वतःच्या गाडीने आले होते. गाडीवाल्याला मेट्रो उशिरा आली तर काय फरक पडतो?

पारावरचा
विरारकर, खर्चातली सगळी वाढ आरेच्या खाती टाकू नका, करोना होता, भूसंपादन होतं, किमती वाढल्या. पण उशिराची किंमत लटकणाऱ्याने मोजली हे शंभर टक्के मान्य. म्हणून तर म्हणतोय की २०१५ ला चार महिने घालवले असते तर २०१९ नंतरची तीन वर्षं गेली नसती.

चहाबाज
वाचतोय. खुर्ची ओढून घेतली आहे.

ओळंबा
मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, मेट्रोशी संबंध नाही. पण कारशेड या शब्दाने लोकांचा गैरसमज होतो म्हणून लिहितो. पत्र्याची शेड नव्हे ती. रात्री सगळ्या गाड्या उभ्या करायच्या मार्गिका, खालून तपासणीसाठी पिट लाईन, चाकं तासायचं यंत्र, धुण्याची जागा, वीज उपकेंद्र, कार्यशाळा. सपाट आणि सलग जमीन लागते, ३० हेक्टरच्या आसपास. शिवाय ती मार्गाच्या टोकाला हवी. मधेच ठेवली तर रोज पहाटे रिकाम्या गाड्या अर्धं शहर ओलांडून नेत बसाल. कुलाबा-सीप्झ म्हणजे मेट्रो ३ च्या मार्गाच्या एका टोकाला समुद्र आणि मंत्रालय, दुसऱ्या टोकाला आरे. सरकारी, मोकळी, स्वस्त. इंजिनिअरच्या नजरेने ती जागा आपोआप निवडली जाते, त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही.

आणि स्वस्त का? कारण प्रकल्प अहवालात जमिनीला भाव असतो, झाडाला फक्त तोडणावळ आणि रोपांचा खर्च. जागांची तुलना करताना आरेच्या रकान्यात मिठी नदीचा काठ, पावसाचं मुरणारं पाणी, बिबटे यांच्यापुढे आकडाच नसतो, म्हणजे हिशेबात शून्य. कांजूरच्या रकान्यात मात्र जमिनीचा वाद, जास्तीची जोडमार्गिका, वाढीव वर्षं, सगळ्यांपुढे कोटींचे आकडे. असा तक्ता पुढे आला की सही आरेवरच होणार. २०१९ ला सरकार बदलल्यावर नेमलेल्या सौनिक समितीनेही आरेचाच कौल दिला होता, हे धाग्यात यायला हवं.

पारावरचा यांचं म्हणणं पटतं, पण 'आधी विचारा' म्हणजे कुणी, कुणाला, कुठल्या कागदावर? हे नाही सांगितलंत तर नुसती इच्छा झाली.

शेवंती
झाडांच्या बाजूने थोडं, कारण इथे 'हलवली ४६१' असं सोफा हलवल्यासारखं बोललं जातंय.

मोठं झाड हलवायचं म्हणजे आधी मुळांचा गड्डा बांधायचा. तो किती मोठा बांधणार? यंत्राला उचलता येईल एवढाच. पूर्ण वाढलेल्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं खोडापासून कितीतरी लांब पसरलेली असतात, ती सगळी तिथेच राहतात. मग पाणी कमी पडू नये म्हणून फांद्या छाटतात. म्हणजे मुळं नाहीत आणि पानंही नाहीत, असा बुंधा नव्या खड्ड्यात उभा. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही मंडळी चिवट, त्यांची फांदी खोचली तरी धरते. ती जगलेली दाखवून 'पुनर्रोपण यशस्वी' अशी बातमी येते. तेच आंबा, बेहडा, हुंब यांच्या जुन्या झाडाला करून बघा. आणि हे काम पावसाच्या तोंडावर, महिनोन् महिने आधी मुळं टप्प्याटप्प्याने छाटून करायचं असतं. आपल्याकडे ते ठेकेदाराच्या वेळेनुसार भर एप्रिलमध्ये होतं. पहिल्या वर्षी बुंध्यावर हिरवे धुमारे फुटतात, फोटो निघतात. तो साठवलेल्या अन्नाचा शेवटचा जोर असतो. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर कुणी बघायला जात नाही.

'एकाला दहा' चंही तेच. दहा कुठे? शहरात जागा नाही म्हणून लांबच्या कुठल्यातरी माळावर. पण माळ म्हणजे ओसाड नव्हे. तिथे गवत आहे, गवतावर धाविक, चंडोल, लांडगे आहेत. तिथे करंज आणि ग्लिरिसिडिया ठोकून तुम्ही दुसरं एक घर मोडता आणि त्याला भरपाई म्हणता.

तपोवनात बाकी काय होईल ते होवो, तिथल्या झाडांची सावली ज्या माणसावर पडते त्याला दुसऱ्या तालुक्यातल्या रोपाचा काय उपयोग?

सांजसकाळ
शेवंतीताई, +१००. माळाचा मुद्दा कुणी मांडतच नाही.

विरार_फास्ट
ताई, अभ्यास आहे तुमचा, नाकारत नाही. पण सगळंच वाईट असेल तर करायचं काय? तोडू नका, हलवू नका, दुसरीकडे लावू नका. मग आम्ही लटकायचंच का?

शेवंती
तसं मी कुठे म्हटलं? तोडायचंच असेल तर तोडलं म्हणा. २,१८५ तोडली आणि ४६१ बहुतेक मरतील, हे धरून जागांची तुलना करा. खोट्या भरपाईने मन हलकं होतं आणि आकडा लहान दिसतो, माझा राग त्यावर आहे.

ठेचा_भाकर
राजेहो, विदर्भातलं एक चांगलं उदाहरण घ्या, नाहीतर हा धागा पुरा मुंबईचाच होते.

नागपूर-जबलपूर रस्ता, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंच व्याघ्र प्रकल्पाला कापून जाते. चौपदरी करायचं ठरलं तेव्हा वन्यजीववाले कोर्टात गेले, नागपूर खंडपीठात बरीच वर्षं चाललं. त्यावेळी आम्हीही शिव्याच घालत होतो, कारण त्या पट्ट्यातला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. पण शेवटी निघालं काय? मनसर ते खवासा या टापूत जनावरांना खालून जाता यावं म्हणून ९ ठिकाणी रस्ता उचलला. सगळ्यात लांब उचललेला भाग ७५० मीटरच्या आसपास हाये. वर ट्रक, खाली जंगल. भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तर चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे आणि वाघ, सगळे तिथून जाऊन राहिले! एक-दोन वाघ नाही, वेगवेगळे ओळखलेले दहाच्या वर.

पैसा लागला, वेळ लागला. पण रस्ताही झाला आन् वाघही राहिला. इथे भांडण 'किती झाडं' यावर नव्हतं, 'रस्ता जमिनीवर की खांबावर' यावर होतं. म्हणून काहीतरी हाती लागलं.

तरी तिथेही झाडं गेलीच, ते लपवत नाही.

ओळंबा
ठेचाभाऊ, हे उत्तम. यातली बारीक गोष्ट अशी की अशा मार्गांची लांबी, उंची, जागा हे प्राण्यांच्या वाटा बघून ठरवायचं असतं. पाणी जायला मोरी लागतेच, तिलाच 'वन्यजीव मार्ग' असा फलक लावला की कागद पूर्ण होतो, असंही पुष्कळ चालतं.

मांडवी
गोंयची गजाल सांगते, कारण आमच्याकडे उलट घडलं. प्रकल्पच मागे गेला.

गोव्यातलं मोले अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. तिथून एकदम तीन गोष्टी न्यायच्या होत्या, रेल्वेचा दुसरा रूळ, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. तीन वेगळे प्रकल्प, तीन वेगळे अर्ज, तीन वेगळे झाडांचे आकडे. एकत्र कुणी बघत नव्हतं. ते लोकांनीच एकत्र बघितलं, विद्यार्थ्यांनी, वास्तुविशारदांनी, मासेमारांनी, गांवच्या बायकांनी. १ नोव्हेंबर २०२० ची रात्र आठवते का कुणाला? चांदोरच्या फाटकावर माणसं रात्रभर रुळांपाशी बसली होती, मेणबत्त्या, गाणी, तियात्रातले कलाकार. तिथे झाडांइतकाच कोळशाचा राग होता. दुसरा रूळ नक्की कुणासाठी, मुरगांव बंदरातून कोळसा वर न्यायला की गोंयकाराला प्रवासाला?

सुप्रीम कोर्टाच्या केंद्रीय अधिकार समितीने नेमका हाच प्रश्न विचारला, या रुळाची गरज काय? आणि ती पटवून दिलेली नाही असं म्हटलं. ९ मे २०२२ ला कोर्टाने रेल्वेच्या दुहेरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. वीजवाहिनी मात्र जुन्या २२० केव्हीच्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच न्या असं सांगितलं. म्हणजे विजेला वाट राहिली, नवा पट्टा कापायला नको.

पारावरचे म्हणतात 'कुठून' विचारा. मी एक पायरी आधीचं म्हणते, 'कशाला' ते विचारा. मेट्रोला त्याचं उत्तर आहे, विरारकर रोज देतात. प्रत्येक प्रकल्पाला असतं असं नाही.

विरार_फास्ट
मांडवीताई, हे मान्य. माणसांसाठीचा प्रकल्प आणि कोळशाचा प्रकल्प एका मापाने मोजू नये. कोस्टल रोडच्या वेळी आरेइतकी बोंब का झाली नाही, हे मला आजवर कळलं नाही. तो तर निव्वळ गाडीवाल्यांचा.

वरळीचा_वारा
झाली होती की. ऐकणारे कमी होते. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की पुलाच्या खांबांमधलं ६० मीटर अंतर बोटींना पुरत नाही, खवळलेल्या समुद्रात आपटतील. त्यांनी २०० मीटर मागितले. कामं अडवली, वर्षं गेली, शेवटी १२० मीटरवर तडजोड झाली, म्हणजे दोन खांबांच्या मधला एक गेला. पहिल्याच दिवशी एखाद्या नाखव्याला नकाशा दाखवला असता तर तासाभराचं काम होतं ते.

टेकडीवरून
पुण्याचं कुणी लिहिणार की आम्हीच लिहायचं?

विद्यापीठ चौकात उड्डाणपूल बांधला. पंधरा वर्षं जेमतेम झाली आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्याच जागेवर यायचा होता. मग रुंदीकरणासाठी गणेशखिंड रस्त्यावरची जुनी झाडं. एकाच चौकात दोनदा बांधणार, एकदा पाडणार आणि झाडं मात्र एकदाच तोडून कायमची जाणार. आता वेताळ टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता हवाय. २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. पुणेकर दुपारी चारच्या आधी रस्त्यावर उतरतो म्हणजे प्रकरण गंभीर समजा.

रस्ता झाला की गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की पूल लागतो, पूल झाला की खाली मेट्रोला जागा उरत नाही. हा क्रम आम्ही करून दाखवला आहे, इतर शहरांनी पुन्हा प्रयोग करायची गरज नाही.

चहाबाज
पुण्याचा विषय निघाला, आता धागा २०० पार.

काळा_कोट
ओळंबा यांनी विचारलं, कुठल्या कागदावर. कायद्याच्या बाजूने सांगतो.

२००६ च्या ईआयए म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाच्या अधिसूचनेत रेल्वे आणि मेट्रोचे मार्ग येतच नाहीत. मोठ्या महामार्गाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या आधी जनसुनावणी. मेट्रोला नाही. कायद्याने वन ठरलेली जमीन असेल तर वन संवर्धन कायदा लागतो, खारफुटी असेल तर हायकोर्टात जावं लागतं. आरेला वन मानायला हायकोर्टाने नकार दिला होता. मग उरलं काय? महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा आणि त्याखालचं वृक्ष प्राधिकरण. लोक झाडांवरून भांडतात त्याचं कारण केवळ भावना नाही. कायद्याने त्यांना आत शिरायला ठेवलेलं तेवढं एकच दार आहे. नदी, पूर, पाडे, बिबट्या, पर्यायी जागा, सगळी भांडणं त्या एका दारातून झाडांची म्हणून आत न्यावी लागतात. आणि प्राधिकरणाला जागा बदलायचा अधिकार नाही. ते होय, नाही, किंवा इतकीच, एवढंच म्हणू शकतं.

२०२१ च्या दुरुस्तीत काही बरं आलं. ५० वर्षांवरचं झाड 'हेरिटेज'. एक तोडलं तर त्याच्या वयाच्या वर्षांइतकी रोपं लावायची. २०० किंवा जास्त झाडं जात असतील तर प्रकरण राज्य पातळीच्या प्राधिकरणाकडे, असं तेव्हा ठरलं. वाचायला छान. आता तुम्ही प्रकल्प अधिकारी आहात असं समजा आणि तुमची झाडं ३८०. तुम्ही प्रस्तावाचे दोन तुकडे नाही का करणार?

आणखी एक. बंगालमधल्या जेसोर रोडच्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ जुनी झाडं जाणार होती. त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं आणि त्याला वयाने गुणायचं म्हटलं. ओळंबांच्या त्या रिकाम्या रकान्यात आकडा भरायचा हा एक गंभीर प्रयत्न. २०२३ मध्ये कोर्टाने ती झाडं तोडायला परवानगी दिली, हेही खरं. पण तो आकडा प्रकल्प अहवालात सक्तीचा केला तर जागेच्या तुलनेचा तक्ता पहिल्याच दिवशी वेगळा दिसेल. माझ्या मते मागणी करायची तर ही करा.

ओळंबा
याला माझी सही. रकाना भरा, बाकी आम्ही इंजिनिअर लोक आपोआप वळतो. ठाण्याच्या बुलेट ट्रेन स्टेशनचं बघा. आधीच्या आराखड्यात ५३ हजारांच्या घरात कांदळवनाची झाडं जात होती. आरडाओरड झाल्यावर स्टेशनचा आराखडा बदलला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली तेव्हा आकडा २२ हजारांच्या आसपास आला होता. तीच गाडी, तेच स्टेशन. ३० हजार झाडं वाचवण्याइतकी हुशारी खात्यात पहिल्यापासून होती. ती वापरायला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

नेकारकाठी
परदेशात सगळं आलबेल असतं असं कुणी म्हणायच्या आत लिहितो. मी श्टुटगार्टला असतो.

इथलं रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचा प्रकल्प, श्टुटगार्ट २१. त्यासाठी श्लोसगार्टन या बागेतली जुनी झाडं तोडायची होती. ३० सप्टेंबर २०१० ला पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे सोडले, शाळकरी मुलं होती त्यात, शेकडो जखमी, एका म्हाताऱ्या माणसाची दृष्टी जवळजवळ गेली. त्यानंतर सरकार शुद्धीवर आलं. हायनर गाइसलर या ज्येष्ठ राजकारण्याला मध्यस्थ नेमलं आणि रेल्वेचे इंजिनिअर विरुद्ध आंदोलकांचे इंजिनिअर अशी समोरासमोर चर्चा टीव्हीवर थेट दाखवली. उतार किती, फलाट किती, तासाला गाड्या किती. लोक क्रिकेट बघावं तसं बघत होते. नोव्हेंबर २०११ मध्ये राज्यात सार्वमत झालं, ५८.९ टक्के लोकांनी प्रकल्पाच्या बाजूने कौल दिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये बाग रिकामी केली.

पण चर्चा, सार्वमत, सगळं करार झाल्यावर. थांबवलं तर इतके कोटी बुडणार, ही तलवार मतदाराच्या डोक्यावर होतीच. २००९ च्या करारातला ४.५ अब्ज युरोचा खर्च ११ अब्जांच्या वर गेलाय आणि २०१९ ला उघडायचं स्टेशन अजून उघडलेलं नाही. तेव्हा पारावरचे, उशिरा विचारण्याचा रोग फक्त आपला नाही. ती थेट प्रक्षेपित चर्चा मात्र आपल्याकडे व्हायला हवी. आरेच्या समितीतल्या त्या दोघांना आणि बाकीच्यांना टीव्हीवर समोरासमोर बसवलं असतं तर मी सुट्टी काढून बघितलं असतं.

विरार_फास्ट
बघा, सार्वमत घेतलं तर लोक गाडीच्या बाजूने मत देतात.

नेकारकाठी
दिलं ना. आणि गाडी अजून आली नाही.

पाडेकर
एवढ्या प्रतिसादांत आरेतल्या पाड्यांचा उल्लेख काळा_कोट यांनी एका शब्दात केला, बाकी कुणी नाही. आरेत २७ पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी. कारशेडच्या जागेवर प्रजापूरपाडा होता. त्यांची भाजीची वाडी, ताडी, पावसातली रानभाजी हे कुठल्या रकान्यात धरणार? वर्षाला ७४,५०० च्या सूत्रात शेवळं आणि कर्टुली बसतात का? त्यांना इमारतीत खोल्या दिल्या. खोली म्हणजे भरपाई असं शहराला वाटतं, कारण शहराला फक्त खोलीच हवी असते.

सांजसकाळ
विषयाला धरूनच पण जरा घाईचं. आमच्या गल्लीत रस्ता रुंदीकरण आहे. कोपऱ्यावरच्या वडावर परवा कागद चिकटवला, आणखी अकरा झाडांवरही. सात दिवसांत हरकती द्या असं लिहिलंय. मी आयुष्यात कुठल्या कार्यालयात अर्ज दिलेला नाही. काय करू?

काळा_कोट
आजच कागदाचा आणि झाडाचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. हरकत साध्या कागदावर, प्रत्येक झाडासाठी वेगळा मुद्दा लिहा. 'झाडं तोडू नका' एवढंच लिहिलं की ती भावना म्हणून बाजूला ठेवतात. झाडाची जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, अंदाजे वय, आणि पर्याय काय ते लिहा. वड ५० च्या वर असेल तर 'हेरिटेज' हा शब्द आलाच पाहिजे. सुनावणी मागा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. उद्यान अधिकाऱ्याचा पाहणी अहवाल माहिती अधिकारात मागा.

शेवंती
घेर शिंप्याच्या टेपने मोजा, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर. पारंब्या जमिनीत उतरल्या असतील तर त्यांचेही फोटो. ढोली, घरटी, वटवाघळं, काहीही असेल ते लिहून ठेवा.

ओळंबा
आणि रुंदीकरणाचा नकाशा मिळवा. वड रस्त्याच्या नेमका कुठे येतो ते कळलं तर मी घरबसल्या पर्याय काढून देतो. बऱ्याचदा रेषा दोन मीटर सरकवली की काम भागतं, किंवा वड दुभाजकात घेता येतो.

विरार_फास्ट
सांजसकाळ, सह्या लागल्या तर सांगा. रुंदीकरण व्हायला हवंच, पण वडाला रस्ता वळसा घालू शकतो.

सांजसकाळ
सगळ्यांचे आभार. हरकत दिली, शिक्का मिळाला. घेर १४ फूट भरला. नकाशा मागितला तर म्हणाले, तो आमच्याकडे नसतो, आमच्याकडे फक्त झाडांची यादी येते. नकाशा रस्ते विभागात.

ओळंबा
तेवढं वाक्य लेखी घ्या त्यांच्याकडून. आणि रस्ते विभागाचा अर्ज मी आज रात्री लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.